गिरजामायच्या तीन चुळा

५ डिसेंबर १९५४

टाचेतला काटा अखेर निघाला. चार दिवस एका पायावर शाळा घेतली. सौ.नं सुईनं उकरून टाचेची चाळण केली, पण काटा आपला आतच. आज शेजारच्या दाजीबाची आई, काशीकाकू आली. माझा पाय सरळ मांडीवर घेतला अन् दातानं काटा उपटून थुंकून टाकला. मी ओरडलो. "व माय! मास्तरच बोंबलते तं पोरायनं काय करावं?" सौ. पदर तोंडात धरून हसत होती. माउली आहे म्हातारी.

दवाखान्यासाठी वरच्या कचेरीला तिसरा अर्ज लिहिला. चाळीस उंबऱ्यांची वस्ती. कामरगाव दोन कोस, तिथून कारंज्याची मोटर मिळाली तर मिळाली. पोस्ट नाही, सुईण नाही, औषधाची बाटली नाही. निदान पंधरवड्यातून एकदा डॉक्टरनं फिरतीवर यावं. एक वाक्य छान जमलं : "येथे उपचाराची कोणतीही सोय नाही." दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं.

९ डिसेंबर

चौथीला आरोग्याचा धडा. जंतू. डोळ्यांना दिसत नाहीत, नखांत असतात, थुंकीत असतात. उद्यापासून पाटी थुंकीनं पुसायची नाही, ओला फडका आणायचा. पोरांचे चेहरे पाहण्यासारखे. एकानं विचारलं, "गुर्जी, बैलाच्या तोंडात बी असते का?" असतात म्हटलं. सांजेपर्यंत सगळी वस्ती जंतूंबद्दल बोलत होती. बरं वाटलं. खोटं कशाला, फारच बरं वाटलं.

सौ. दुसरीच्या पुस्तकावर आली. जोडाक्षराला अडते, अडली की ओठ चावते. पुढच्या वर्षी चौथीच्या परीक्षेला बाहेरून बसायचं, अन् पास झालं की सुईणीचं सरकारी शिक्षण घ्यायचं, असं तिनंच ठरवलंय. "वस्तीत एक तरी शिकेल बाई नोको का?" मी आपला हो म्हणतो. मनातून अभिमान वाटतो, तिला सांगत नाही.

१६ डिसेंबर

दुपारी शाळेत निरोप आला, सौ.च्या डोळ्यात काही गेलं. पळत गेलो. पोरं माझ्या मागे.

दाजीबाच्या खळ्यावर ज्वारी उपणणं चालू होतं. बायकांबरोबर ही पण गेलेली. वारा फिरला अन् सगळा कोंडा तोंडावर आला. बाकीच्यांनी डोळे पुसले, हिच्या डाव्या डोळ्यात ज्वारीचं कुसळ रुतलं. खाली बसली होती, डोळ्यावर तळहात, बोटांतून पाणी गळत होतं. मी पाहायला गेलो तर हात काढू देईना.

तेवढ्यात गिरजामाय आली. खालच्या वस्तीतली, साठीची असेल. खळ्याच्या दिवसांत डोळ्यात गेलेलं काढणारी ती एकटीच. मिठाच्या कोमट पाण्यानं तीन चुळा भरते, अंगठ्यानं पापणी उलटते अन् जिभेच्या शेंड्यानं कुसळ उचलते. काही घेत नाही. खळं उठलं की घरोघरचं एकेक सूप ज्वारी तिच्याकडे जाते, एवढंच. हे सगळं तीन वर्षं ऐकून होतो, पाहिलं नव्हतं. कोणी लोटा आणला. तिनं तीन चुळा भरल्या, पदरानं तोंड पुसलं अन् सौ.च्या पुढ्यात बसली.

मी म्हटलं, थांबा.

काशीकाकू म्हणाली, "मास्तर, डोळ्याच्या कामाले आमच्यात इटाळ नाई धरत. माह्या सासूचा बी काढला होता हिच्या सासूनं." मी म्हटलं, विटाळाचा प्रश्नच नाही काकू, मी ते मानत नाही. प्रश्न जंतूंचा आहे. थुंकीत जंतू असतात. पोरांकडे वळून विचारलं, "काय शिकलो आपण?" पोरं एका सुरात ओरडली, "जंतू!"

गिरजामाय गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं बाप्पा. तुमची बायको, तुमाले समजते." लोट्यातलं उरलेलं पाणी बोरीच्या बुडाशी ओतलं अन् गेली.

उद्या पहाटे दाजीबाची बैलगाडी. कामरगावहून मोटरनं कारंजा. डॉक्टर दहा मिनिटांत काढील.

१७ डिसेंबर, कारंजा

कामरगावला पोचलो तेव्हा मोटर निघून गेली होती. दुसरी दुपारी. तोवर एका दुकानाच्या फळीवर बसलो. दुकानदार भला माणूस, त्यानं गुलाबपाणी आणून दिलं. त्यानं आणखी चुरचुरलं. मोटरीत सौ. प्रत्येक खड्ड्याला माझा दंड धरायची.

दवाखान्यात डॉक्टर नाहीत. खुनाच्या खटल्यात साक्षीला अकोल्याला गेलेत, सोमवारी येतील. कंपाउंडर सज्जन. डोळा धुऊन दिला, पट्टी बांधली. "कुसळ दिसून राह्यलं गुर्जी, पण मले हात लावाची परवानगी नाई. लावला अन् बिघडलं तं?" म्हटलं, दुसरे कोणी डॉक्टर? एक आहेत, ते मुलीच्या लग्नाला नागपूरला. मंगरूळपीरला जाऊन पाहा म्हणाला. मंगरूळपीर सौ.चं माहेर, तिकडं डोळ्याचं कोणी नाही हे तिलाच ठाऊक.

धर्मशाळेत उतरलो आहोत. खोली स्वच्छ आहे.

१९ डिसेंबर, कारंजा

डोळा सुजून बंद. पांढरं येतं. काल दिवसभर सराफ्यापासून बाजारापर्यंत विचारत फिरलो. कोणी डोळ्यात जस्ताची पूड फुंकायला सांगतो, कोणी बाळंतिणीचं दूध. एवढं मोठं गाव, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, अन् माझ्या बायकोच्या डोळ्यातलं एक कुसळ काढायला माणूस नाही.

सौ. आज एकच बोलली. "तिनं तीन चुळा भरल्या होत्या." मी म्हटलं, चुळांनी जंतू मरत नाहीत. तिनं कूस बदलली.

२० डिसेंबर, कारंजा

डॉक्टर आले. सामान खाली ठेवायच्या आत हिला घेतलं. कुसळ निघालं, चिमट्यावर दाखवलं मला. नखाच्या कातरणापेक्षा बारीक! डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम आहे, पिकली आहे, अकोल्याला जा, आजच जा. चिठ्ठी दिली.

छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी. छोटी गाडी इतकी हळू, की एक म्हातारा मध्येच उतरून लघवी करून परत चढला. एरवी ही हसून लोळली असती.

२४ डिसेंबर, अकोला

डोळ्यांचे डॉक्टर वयस्क, मोजकं बोलतात. रोज धुणं, मलम, पट्टी. आज मी सगळं सांगितलं. खळं, गिरजामाय, मी नको म्हटलं ते. वाटलं, शाबास म्हणतील. त्यासाठीच सांगितलं बहुधा.

विचारलं, जिभेनं काढू दिलं असतं तर?

चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "मास्तर, जिभेनं काढलेले जे डोळे बिघडतात ते माझ्याकडे येतात. जे बरे होतात ते कशाला येतील? मला त्यांची गिनती नाही. एवढंच सांगतो, पहिल्या दिवशी निघायला हवं होतं."

कसं निघायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पण पुढं विचारलं नाही.

२ जानेवारी १९५५, अकोला

पट्टी काढली. डाव्या डोळ्यात फूल पडलं. उजेड-अंधार कळतो, हात हलवला तर सावली कळते. बस. जखम भरली, डोळा काढावा लागला नाही, हेच नशीब समजा म्हणाले. उजवा शाबूत आहे, महिनाभर वाचन बंद.

सौ.नं विचारलं, "सुईणीच्या शिक्षणाले एका डोळ्यानं घेतात का वो?" डॉक्टर म्हणाले, विचारावं लागेल. बाहेर आल्यावर मी पुन्हा म्हटलं, विचारू. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून डावी बाजू झाकली. तेव्हापासून तो तसाच आहे.

६ जानेवारी

वस्तीवर परत. सगळ्या बायका येऊन गेल्या. काशीकाकू रडली. गिरजामाय आली नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सौ. हळदीकुंकवाला कोणाकडे गेली नाही. म्हटलं, जाऊन ये, तेवढंच बरं वाटेल. तर भडकली. अशी कधी भडकत नाही.

"कोणाले दाखवू फूल? अन् मले आता सांगून राह्यले जा म्हनून! तवा इचारलं का मले, यमुना, काढू देऊ का नोको? डोळा माहा होता. मी तिथंच बसली होती. तुमी काकूसंग बोलले, पोरायसंग बोलले, फक्त माह्यासंग नाई बोलले."

खरं आहे. विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंसुद्धा नाही. ती तळहाताखालून रडत होती अन् मी पोरांना प्रश्न विचारत होतो. काय माणूस आहे मी.

थोड्या वेळानं तीच वाटीत तिळगूळ घेऊन आली. मी घेतला अन् खाल्ला.

२७ जानेवारी

सौ. परत पुस्तक घेऊन बसते. मान वाकडी करून, उजवा डोळा पानाजवळ. मी म्हटलं, महिना व्हायचा आहे. "मंग कोण वाचनार? तुमी?" जोडाक्षरं येतात आता. बोट ठेवून एकेक.

टाच दुखत नाही. व्रण मात्र दिसतो, काशीकाकूच्या दातांचा. आज आंघोळीच्या वेळी तो पाहिला अन् दगडावर तसाच बसून राहिलो. पाणी गार झालं.

आता लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतं.

जंतू नव्हते. म्हणजे जंतू असतील, ते काशीकाकूच्या दातांतही असतील. त्याच्या अकराच दिवस आधी तिनं माझी टाच तोंडात धरली तेव्हा मला एकही जंतू आठवला नाही, माउली आठवली. गिरजामाय खालच्या वस्तीतली. तिची जीभ माझ्या बायकोच्या डोळ्याला लागणार, हे मला सोसलं नाही. पोटात कसंतरी झालं, अगदी खरंखुरं. मी गांधीजयंतीला सगळ्यांना एका ओळीत बसवणारा, काशीकाकू विटाळ म्हणाली तर तिला सुधारणारा. वस्तीतली अडाणी माणसं त्या एका कामापुरता विटाळ बाजूला ठेवायला कधीची शिकली होती. मी नव्हतो शिकलो. धडा हाताशी होता, तो पुढे केला.

२ फेब्रुवारी

कचेरीचं उत्तर आलं. अर्ज विचाराधीन, दरम्यान "सदर वस्तीत उपचाराची अन्य काही सोय असल्यास कळवावे."

काय कळवू? चुकत नसेन तर गिरजामायनं काम सोडलंय. आज शाळेच्या अंगणात पोरं "जंतूमाय, जंतूमाय" ओरडत होती. पाहिलं तर रस्त्यानं ती चाललेली, डोक्यावर काड्यांचा भारा. मी धावून पोरांना रट्टे दिले. ती थांबली नाही, वळलीही नाही. घरी सौ.ला विचारलं. "तुमाले आता समजलं का? पंधरा दिस झाले. नातसूनबी नाई शिकत म्हंते. लोट्याले कोणी हात लावू देत नाई ती."

"येथे उपचाराची कोणतीही सोय नाही." माझं वाक्य आता खरं झालं. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा खोटं होतं, अन् मला पत्ताही नव्हता.

१२ फेब्रुवारी

दाजीबाच्या डोळ्यात गेलं. तुरीचं फोलपट. सकाळी तुरी झोडताना. गिरजामायकडे माणूस गेला, ती नाही म्हणाली. दाजीबा डोळा दाबून थेट माझ्या दारात.

"चाल मास्तर, ने मले कारंज्याले! डॉक्टर कोर्टात नसला तं! आमच्या घरची म्हातारी-कोतारी सारी तिनं पाह्यली, अन् तू एक धडा देल्ला अन् ते बंद! काय मिळालं तुले?"

मी चपला घातल्या अन् खालच्या वस्तीत गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. हजेरी घ्यायला पोरांना वेशीवरूनच हाका मारायचो, हे चालता चालता लक्षात आलं. सौ. मागून आली. बोलावलं नव्हतं.

गिरजामाय दारात तूर पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं, उठली नाही. चार-पाच पोरं जमलीच. सगळी माझ्याच वर्गातली.

येताना मनाशी ठरवलं होतं, सरळ सांगायचं. तोंडातून निघालं ते असं : "माय, मिठाच्या पाण्यानं जंतू कमी होतात. चुळा भरल्या तर हरकत नाही. माझं त्या दिवशी जरा चुकलं."

हरकत नाही! जणू मी परवानगी द्यायला गेलो होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सौ.कडे. सौ.चा पदर बाजूला केला अन् डोळा पाहिला. बराच वेळ पाहिला, उजेडाकडे हनुवटी वळवून वळवून. म्हणाली, "निघालं असतं वं माय. वरच्या वरच होतं. मले बसल्या जागून दिसत होतं."

सौ. तिथंच रडली. डोळा गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

मग गिरजामाय उठली, लोटा घेतला अन् दाजीबाकडे चालू लागली. तीन चुळा. पापणी उलटली. मी ओसरीवर उभा राहून पाहिलं, पाहायचंच म्हणून पाहिलं. फोलपट तिनं बोटावर घेऊन दाजीबाला दाखवलं. पोटात काही झालं नाही. त्या दिवशी पाहिलं असतं तरी झालं नसतं, असं आता वाटतं. दाजीबानं डोळे मिचकावले. "बेस," म्हणाला.

जाताना ती माझ्यापुढे थांबली. "दाजीबाचा बाप माह्या उपासाच्या वक्ती पाठीशी उभा राह्यला होता, म्हनून आली. आता नाई काढत. पोरं हसतात."

मी म्हटलं, पोरांना मी बोलतो. "काय बोलसान?" तिनं विचारलं. लोट्यातलं उरलेलं पाणी अंगणात ओतलं. ती गेली.

१३ फेब्रुवारी. रविवार.

हे सुट्या कागदावर लिहितो आहे. वही माझ्याजवळ नाही.

दुपारी विहिरीवरून आलो तर सौ. उंबऱ्यात, उजेडाला बसलेली. मान वाकडी, बोट ओळीवर. वाटलं, तिचं पुस्तक. पण ही माझी वही. बोट सरकत होतं अन् ओठ हलत होते. मी तिथंच उभा राहिलो. हिसकावून घ्यावी, असं क्षणभर वाटलं, खोटं नाही बोलत. पण ती इतक्या मन लावून वाचत होती! "ख-रं-खु-रं," म्हणाली, मग पुन्हा न तोडता, "खरंखुरं." मीच शिकवलेलं.

पान संपवलं तेव्हाच वर पाहिलं.

मी म्हटलं, यमुना.

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुमी जंतू म्हनले तवा मी उजव्या डोळ्यानं तुमच्या तोंडाकडेच पाह्यत होती. पण मले वाटे, माहा नवरा शिकेल हाये, मीच वंगाळ इचार करून राह्यली. दोन महिने मी माह्याच मनाले दोष देल्ला."

मी खाली बसलो. माझं चुकलं म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते आता आठवत नाही. ती ऐकत होती. रडत नव्हती अन् रागातही नव्हती. राग असता तर सोपं गेलं असतं.

मग वही मिटली, मिटलेल्या पानात बोट तसंच ठेवलं. "उद्या शाळा हाये. सारी पोरं असतीन, खालच्या वस्तीतले बी. मी गिरजामायले घेऊन येतो. हे पान तुमी वाचता का मी वाचू?"

म्हटलं, नोकरी जाईल. वस्तीत तोंड दाखवता येणार नाही.

"मी दाखवूनच राह्यली नं," ती म्हणाली. पदर तिनं मागे सारला होता.

वही घेऊन ती खालच्या वस्तीकडे गेली आहे. तासभर झाला. दारातून मला वाट दिसते, वाटेवर कोणी नाही. वर्गातला फळा पुसून आलो. फडका ओला केला होता. तारीख तेवढी लिहिली, १४. पुढचं उद्या सकाळी.